डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो काँप्युटरवर कसे घ्यायचे आणि त्यांच्या चांगल्या प्रिंट्स कशा काढायच्या?

तुमच्या प्रश्नात खरं म्हणजे तीन प्रश्न आहेत. घरातला जुना डिजिटल कॅमेरा केबलने लॅपटॉपला लावला तर काहीच दिसत नाही. मागे फोनवरून मेसेजमधून फोटो पाठवून ४×६ च्या प्रिंट्स काढल्या, त्या धुरकट आल्या आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्यांची डोकी उडाली. आणि तिसरा, घरी प्रिंटर घ्यावा की लॅबमध्येच द्यावं. तिन्हींचं सांगतो, पण आधी कॅमेऱ्याला दोष देणं थांबवा. कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर फोटो ठणठणीत असतो. त्याची वाट लागते ती वाटेतच, कार्डापासून कागदापर्यंत.

केबलपासून सुरुवात करू. ड्रॉवरच्या तळाशी सापडलेली केबल बसली म्हणजे ती चालेलच असं नाही. कित्येक यूएसबी केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. दुसरं, केबल लावल्यावर कॅमेरा चालू करावा लागतो, काही मॉडेलांत तर फोटो बघायच्या मोडवर न्यावा लागतो. तिसरं, कॅमेऱ्याच्या मेनूत यूएसबीसाठी 'मास स्टोरेज' (कॅमेरा पेन ड्राइव्हसारखा दिसतो) आणि 'पीटीपी' (फोटो पाठवायची कॅमेऱ्यांची वेगळी पद्धत) असे पर्याय असू शकतात. पीटीपी असेल तर पेन ड्राइव्हसारखं ई किंवा एफ अक्षर उमटत नाही. विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडलं की कॅमेऱ्याच्या नावाचं चिन्ह दिसतं. मॅकवर फाइंडरमध्ये शोधत बसू नका, तिथे 'इमेज कॅप्चर' नावाचा प्रोग्रॅम आधीपासूनच असतो, तो उघडा.

पण माझं ऐकाल तर केबलचा नाद सोडा आणि कार्ड रीडर घ्या, म्हणजे कार्ड काढून थेट काँप्युटरला लावायचं छोटं यंत्र. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी म्हातारी झालेली असते आणि ती नेमकी कॉपी चालू असताना मान टाकते. रीडरला कॅमेऱ्याची बॅटरी लागत नाही, वेगही बरा मिळतो. एसडी कार्ड असेल तर रीडरमध्ये घालण्याआधी त्याच्या कडेची बारीकशी कळ 'लॉक'कडे सरकवा. बहुतेक रीडर ती पाळतात, म्हणजे काँप्युटर कार्डावरचं वाचू शकतो पण पुसू शकत नाही. कार्ड परत कॅमेऱ्यात घालताना कळ पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर 'कार्ड लॉक आहे' असा संदेश बघून कॅमेरा बिघडला असं वाटतं.

रीडर जुना असेल तर एक खोच आहे. एसडी कार्डं दिसायला सारखी, पण आतून मुख्यतः तीन पिढ्यांची. २ जीबीपर्यंतचं साधं एसडी, त्यापुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी आणि त्याहून मोठं ते एसडीएक्ससी. जुन्या रीडरला किंवा कॅमेऱ्याला नवी पिढी वाचता येत नाही. उलटं मात्र चालतं, नव्या रीडरला जुनी कार्डं वाचता येतात. न वाचता येणारं कार्ड घातलं की विंडोज साळसूदपणे विचारतं, 'डिस्क फॉरमॅट करायची का?', म्हणजे कार्ड पुसून कोरं करायचं का. इथे हात आवरा. 'नाही' म्हणा, कार्ड काढा आणि दुसऱ्या रीडरमध्ये घालून बघा. तुमचा कॅमेरा फारच जुना असला तर त्यात एक्सडी किंवा कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड निघेल, त्यासाठी अनेक खाचांचा रीडर लागतो. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या खाचेत सुईसारख्या पिना असतात. कार्ड तिरकं दाबलं की एखादी वाकते आणि मग रीडर संपला.

कार्ड उघडलं की 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर दिसेल. कंपनी कुठलीही असो, हे नाव तेच असतं, कारण सगळ्या कॅमेऱ्यांनी फायली कशा ठेवायच्या याचा एक समाईक नियम १९९८ मध्ये ठरला. त्याच नियमामुळे आतल्या फोल्डरांची नावं १०० पासूनच्या आकड्यांनी सुरू होतात, फोटोचं नाव आठ अक्षरांचं असतं आणि शेवटचे चार आकडे ०००१ ते ९९९९ असे धावतात.

९९९९ नंतर काय? परत ०००१. मी स्वतः यात पोळलोय. कित्येक वर्षं मी सगळे फोटो एकाच फोल्डरात ओतत होतो. एकदा कॉपी करताना काँप्युटरने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का? मी घाईत 'सगळ्या बदला' दाबलं. मला वाटलं, आधी अर्धवट राहिलेली कॉपी असेल. प्रत्यक्षात कॅमेऱ्याचा आकडा फिरून पहिल्यापासून सुरू झाला होता, आणि एका जुन्या सहलीचे तीनेकशे फोटो नव्या फोटोंखाली गाडले गेले. पुसलेलं परत मिळवता येतं, एका फाइलच्या जागी दुसरी बसली की फारसं काही हाती लागत नाही. तेव्हापासून दर खेपेला नवा फोल्डर, आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२४-०५-१२ असं. वर्ष पुढे ठेवलं की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात.

आणि कॉपीच करा, 'कट' करू नका. कट करून हलवताना मध्येच कार्ड निघालं की काय इकडे आलं आणि काय तिकडे राहिलं याचा मेळ लावत बसावं लागतं. कॉपी झाली की दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा, चारदोन फोटो पूर्ण मोठे करून बघा, दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत ठेवा, आणि मगच कार्ड रिकामं करा, तेही कॅमेऱ्यातून फॉरमॅट करून. चुकून आधीच पुसलं गेलं असेल तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. पुसलेले फोटो नवं काही लिहिलं जाईपर्यंत बहुधा कार्डावरच असतात आणि फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम ते खरवडून काढतो. नावं जातात, फोटो येतात.

नव्या कॅमेऱ्यांत वाय-फाय असतं, त्याचं एकच सांगतो. कॅमेऱ्याचं ॲप फोनवर जो फोटो उतरवतं तो कित्येकदा मूळ नसून २ मेगापिक्सेलची (म्हणजे वीस लाख पिक्सेलची; पिक्सेल म्हणजे फोटोतला एक ठिपका) बारकी प्रत असते. निकॉनच्या स्नॅपब्रिजमध्ये आपोआप येणारे फोटो असेच येतात. सेटिंगमध्ये 'मूळ आकार' निवडा, नाहीतर प्रिंटसाठी कार्डच वापरा.

आता तुमच्या धुरकट प्रिंट्स. चांगल्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा नेहमीचा हिशोब. ४×६ ला १२०० गुणिले १८००, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. ६ मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्याची फाइल साधारण २८१६×२११२ ची असते, तिला ३०० ने भागलं की नऊ इंच बाय सात इंच. म्हणजे अल्बमसाठी तुमचा कॅमेरा पुरून उरतो. भिंतीवरचा मोठा फोटो माणूस लांबून बघतो, तिथे इंचाला २०० नेही भागतं. फाइलच्या माहितीत ७२ किंवा १८० डीपीआय (इंचाला किती ठिपके) लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, तो नुसता आकडा आहे. मोजायचे ते पिक्सेल.

व्हॉट्सॲपसारख्या ॲपमधून साधा फोटो पाठवला की त्याची लांब बाजू बऱ्याचदा १६०० पिक्सेलच्या आसपास येते. ४×६ वर ते इंचाला २६७ झाले, म्हणजे पिक्सेल तसे फार कमी नाहीत. खरं नुकसान होतं ते फाइल दाबून बसवण्यात. केसांच्या कडेला, कपड्याच्या विणीत, चेहऱ्याच्या सावलीत बारीक तपशील पुसला जाऊन चौकटी-चौकटी उरतात. फोनच्या छोट्या स्क्रीनवर त्या जाणवत नाहीत, कागदावर चेहरा मेणाचा दिसतो. आणि तोच फोटो दोनदा-तीनदा फॉरवर्ड होऊन आलेला असेल तर विचारूच नका. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग फाइल जशीच्या तशी जाते. त्याहून बरं म्हणजे पेन ड्राइव्ह.

डोकी उडाली त्यामागे तर साधं गणित आहे. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचा फोटो बहुतेक ४:३ या प्रमाणात असतो, ४×६ चा कागद ३:२. सहा इंच रुंदीत तुमचा फोटो साडेचार इंच उंच होतो आणि कागद तर चारच इंच. अर्धा इंच, म्हणजे फोटोचा नववा हिस्सा, कुठून तरी कापणं भाग आहे. मशीन तो वरून-खालून सारखा कापतं. त्याला डोकं आणि जमीन यातला फरक कळत नाही. मोठ्या एसएलआर (लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांचा फोटो बहुतेक ३:२ असतो, तो ४×६ वर चपखल बसतो, पण तोच ८×१० वर घेतला की बारा इंचांतले दोन इंच जातात आणि ग्रुप फोटोत दोन्ही टोकांची माणसं बाहेर. त्याला ८×१२ सांगावं.

मग करायचं काय? प्रिंटला देण्याआधी स्वतः ३:२ मध्ये क्रॉप करा. कुठलंही फोटो ॲप हे करतं. डोकी ठेवा, खालची जमीन कापा. कापायला जागाच नसेल तर लॅबवाल्याला स्पष्ट सांगा, 'क्रॉप करू नका, फिट करा, पांढरी पट्टी राहिली तरी चालेल'. पट्टी नंतर कात्रीने काढता येते, डोकं परत लावता येत नाही. बिनकाठाच्या प्रिंटमध्ये चारी बाजूंनी एकदोन मिलिमीटर तसेही जातात, म्हणून अगदी कडेला महत्त्वाचं काही ठेवू नका. आणि यापुढे ग्रुप फोटो काढताना एक पाऊल मागे सरका, झालं.

रंगांबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्यात कलर स्पेस, म्हणजे फाइलीत रंग नोंदवायची पद्धत, 'एसआरजीबी' ठेवा. 'ॲडोबी आरजीबी' ऐकायला भारी वाटतं, पण बहुतेक लॅबची मशिनं एसआरजीबी धरून चालतात आणि मग रंग मळकट उतरतात. प्रिंट्स काळपट येतात ही तक्रार मात्र बऱ्याचदा स्क्रीनमुळे असते. रात्री लॅपटॉपचा ब्राइटनेस शंभर टक्के ठेवून फोटो ठीकठाक केला तर तो कागदावर काळवंडणारच. स्क्रीन स्वतः उजेड टाकतो, कागद पडलेला उजेडच परत देतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो बघा, आणि शंभर फोटो द्यायचे असतील तर आधी पाचच द्या. त्यात एक उन्हातला, एक घरातला, एक सावळ्या-गोऱ्या चेहऱ्यांचा असा मिसळ घ्या. त्या पाचांवरून लॅबला सांगता येतं, उजळ करा, की तुमचं ऑटो करेक्शन बंद ठेवा.

घरचा प्रिंटर की लॅब? अल्बमसाठी लॅब, मी यात फार विचार करत नाही. मोठ्या लॅबमध्ये अजूनही खरा फोटो पेपर वापरतात. त्यावर शाई पडत नाही, लेसरच्या उजेडाने कागद 'एक्सपोज' होतो आणि मग रसायनांत धुतला जातो. आपण अजून 'फोटो धुवून आणले' म्हणतो ते अगदीच चूक नाही. लगेच प्रिंट देणारं छोटं मशीन असतं ते वेगळं. त्यात कागद आत-बाहेर चार फेऱ्या मारतो, पिवळा, किरमिजी, निळसर आणि शेवटी पारदर्शक थर. पहिल्या फेरीत सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात, घाबरू नका.

घरचा इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब फवारणारा प्रिंटर, दर आठवड्याला वापरणार असाल तरच घ्या. महिनाभर नुसता बसला की हेडमधली शाई सुकते, आणि हेड साफ करायला लावलं की बरीच शाई त्यातच जाते. घेतलाच, तर प्रिंट देताना सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'फोटो पेपर, ग्लॉसी' असा निवडा. तिथे 'साधा कागद' राहिला तर रंग मळके येतात, पट्टे दिसतात. कागदाची बाजूही बघा. मी एकदा उलट्या बाजूला छापलं, बोट लावलं तर आख्खं आकाश बोटाला. शंका असेल तर कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावा, जी बाजू चिकटते ती छापायची. आणि छापल्याबरोबर फ्रेममध्ये घालू नका, एक दिवस उघड्यावर सुकू द्या, नाहीतर प्रिंट काचेला चिकटते.

लॅबला देताना मूळ फोल्डर देऊ नका. 'प्रिंट' नावाचा वेगळा फोल्डर करा, क्रॉप केलेल्या प्रतीच त्यात ठेवा, आणि आत '४×६ एक प्रत', '४×६ तीन प्रती' असे उपफोल्डर करा. काउंटरवर उभं राहून कुठला फोटो किती वेळा ते समजावत बसावं लागत नाही. एवढं करूनही कार्ड दिसत नसेल तर कॅमेऱ्याचं मॉडेल आणि कार्डावर काय छापलंय ते इथे कळवा, कुठला रीडर लागेल ते सांगतो.