टाळ्या मिळाल्या, काम मात्र हलले नाही

आदरणीय ताई,

मी 26 वर्षे एका उत्पादन कंपनीत होतो. शेवटची 6 वर्षे तिच्या सर्व कारखान्यांचा प्रमुख होतो. वयाच्या 52व्या वर्षी ती नोकरी सोडून शासन, उद्योग, विद्यापीठ आणि बँका यांनी मिळून उभारलेल्या एका प्रादेशिक विकास भागीदारीचा मुख्य कार्यकारी अधिकारी झालो. पहिल्या 3 महिन्यांत मी सविस्तर आराखडा तयार केला आणि नियामक मंडळाने टाळ्या वाजवून तो मंजूर केला. त्याला 5 महिने झाले, पण एकाही सदस्य संस्थेने आपल्या वाट्याचे काम सुरू केलेले नाही. मागच्या आठवड्यात एका कनिष्ठ शासकीय अधिकाऱ्याच्या दाराबाहेर मी 40 मिनिटे बसून होतो. आता जुनी कंपनी परत बोलावते आहे आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागते आहे. ती आमच्या भागीदारीची सदस्यही आहे. पत्नी म्हणते, मी घरात अबोल झालो आहे. माझे चुकले का?

— एक वाचक

स.न.

तुमच्या पत्रातील त्या 40 मिनिटांपेक्षा मला त्या टाळ्या जास्त खटकल्या. ज्या आराखड्यात प्रत्येकाला काही ना काही सोडावे लागते, वेळ द्यावा लागतो, पैसा घालावा लागतो, तो वाद न होता मंजूर होत नाही. तुमचा झाला, याचा अर्थ तो कोणालाच आपला वाटला नाही. तो तुमचा होता, म्हणून त्याचे कौतुक करणे सर्वांना सोपे गेले. कंपनीत तुम्ही आराखडा मांडत होता तेव्हा त्याच्यामागे नेमणुका, बढत्या आणि अंदाजपत्रक यांचे बळ असे. इथे नियामक मंडळावरील एकही माणूस तुमच्या हाताखाली नाही, उलट तुम्हीच त्या सर्वांचे नोकर आहात. हा बदल तुम्ही मनाने अजून स्वीकारलेला नाही असे मला वाटते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही; 26 वर्षांची सवय 8 महिन्यांत सुटत नाही.

तुम्ही चुकलात का, तर नोकरी बदलण्यात नाही. चुकला तो क्रम. आधी सदस्यांकडे जायला हवे होते आणि आराखडा त्यानंतर लिहायला हवा होता.

तुमच्यासारखाच एक माणूस आठवतो. 1950च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य तंबाखू, कापड आणि फर्निचर यांवर अवलंबून होते आणि तिथली शिकलेली मुले नोकरीसाठी बाहेर जात होती. तीन विद्यापीठांच्या मधोमध संशोधन संस्था आणि कंपन्यांसाठी एक परिसर उभारायची कल्पना निघाली, पण ती नफ्याचा प्रकल्प म्हणून शेअर विकून चालवायची होती आणि त्यामुळे अडली होती. 1958 मध्ये हे शेअर विकायचे काम वाकोव्हिया बँकेतील वरिष्ठ अधिकारी आर्ची डेव्हिस यांच्याकडे आले. त्यांनी सांगितले की हे काम राज्याच्या भल्याचे असेल तर त्यासाठी शेअर विकू नयेत, देणगी मागावी. मग ते स्वतः राज्यभर दारोदार फिरले आणि काही महिन्यांत सुमारे 14 लाख 25 हजार डॉलर जमा झाले. जानेवारी 1959 मध्ये ‘रिसर्च ट्रँगल पार्क’ची घोषणा झाली. त्यानंतरची पहिली वर्षे मंद गेली. आयबीएमसारखी मोठी कंपनी यायला 1965 उजाडावे लागले. डेव्हिस यांचे बँकेतील पद उपयोगी पडलेच असणार, पण लोकांनी पैसे दिले ते देणगीत देणाऱ्याला स्वतःचे राज्य दिसले म्हणून. तुमच्या आराखड्यात सदस्यांना स्वतःचे काय दिसते, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते.

आता त्या अधिकाऱ्याविषयी. तुमच्या जुन्या जगात चुकीच्या निर्णयाने तोटा होतो. शासनात योग्य निर्णयसुद्धा चुकीच्या पद्धतीने घेतला तर काही वर्षांनी लेखापरीक्षणात त्याचा जाब द्यावा लागतो, आणि तो तुम्हाला नव्हे, त्या कनिष्ठ अधिकाऱ्याला द्यावा लागतो. त्यांचा विलंब हा तुमचा अपमान असेलच असे नाही. पुष्कळदा ती भीती असते. त्यांच्याकडे पुन्हा जा, आराखडा न घेता जा, आणि कोणत्या नियमाखाली हे काम त्यांना निर्धास्तपणे करता येईल एवढेच विचारा. असेच प्रत्येक सदस्याचे घड्याळ वेगळे असते: कंपनी तिमाहीचा विचार करते, विद्यापीठ शैक्षणिक वर्षाचा, लोकप्रतिनिधी निवडणुकीचा, बँक वसुलीचा. ही घड्याळे जुळवणे हेच आता तुमचे मुख्य काम आहे, आणि कारखान्यांत पुरवठादार, यंत्रे आणि माणसे यांची वेळ जुळवण्यात तुम्ही आयुष्य घालवले आहे. तो अनुभव वाया गेलेला नाही.

म्हणून मोठा आराखडा काही काळ कपाटात ठेवा आणि एकच काम निवडा, ज्यात प्रत्येकाला स्वतःचे काहीतरी आणावे लागेल. उदाहरणार्थ कुशल कामगारांचे प्रशिक्षण: कंपन्यांनी यंत्रांवरचे तास आणि अनुभवी प्रशिक्षक द्यावेत, विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलावा, शासनाने जागा आणि मान्यता द्यावी, बँकांनी शिकून बाहेर पडणाऱ्यांच्या छोट्या उद्योगांना कर्ज द्यावे. आपल्या वाट्याची ओळ ज्याची त्याने लिहावी, तुम्ही लिहू नका. आणि यश मोजताना घोषणा झालेल्या नोकऱ्या धरू नका. वर्षभरानंतर प्रत्यक्ष कामावर असलेली माणसे मोजा. एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते: अशा मंडळांवर लहान उद्योजक क्वचितच असतात, कारण बैठकीसाठी अर्धा दिवस काम बंद ठेवणे त्यांना परवडत नाही. तुम्ही त्यांच्याकडे जा. प्रदेशाची अर्थव्यवस्था बाहेरून येणाऱ्या एका मोठ्या कारखान्याइतकीच या माणसांवर उभी असते.

जुन्या कंपनीच्या बोलावण्याबाबत मात्र मी ठाम आहे. ती कंपनी भागीदारीची सदस्य आहे, म्हणजे तुमच्या निर्णयांमुळे तिचा लाभ किंवा हानी होऊ शकते. तेव्हा हा प्रस्ताव तुमच्या अध्यक्षांना आजच लेखी कळवा आणि उत्तर देईपर्यंत त्या कंपनीशी संबंधित विषयांतून बाजूला राहा. परत जायचे असो वा नसो, हे करायलाच हवे. अशा कामात माणसाचा शब्द एकदा संशयात सापडला की पुढे कोणी त्याच्यासोबत बसत नाही.

माझे मत विचाराल तर नकार कळवा. आज परत गेलात तर तुम्ही अपमान टाळायला जाल, त्या कामाच्या ओढीने नव्हे, असे तुमच्या पत्रावरून वाटते. मात्र मंडळाकडून एका वर्षाची मुदत आणि त्या एका कामासाठी प्रत्येक सदस्य संस्थेचा नावानिशी जबाबदार माणूस मागून घ्या. तेवढेही मिळाले नाही, तर दुसरी वाट शोधण्यात काही गैर नाही.

आणि हे पत्र पत्नीला वाचायला द्या. त्या दाराबाहेरच्या 40 मिनिटांविषयी तुम्ही त्यांना अजून सांगितलेले नसावे, असा माझा अंदाज आहे.

— तुमची ताई