'द' गेला कुठे?

एका वाचकाने विचारलं आहे: 'आम्ही शाळेत "द युक्रेन", "द पंजाब" शिकलो. आता सगळीकडे नुसतं "युक्रेन" दिसतं. उलट अमेरिकेतली माझी नात "आजोबा इन द हॉस्पिटल" म्हणते, तिथे "द" लावला की आम्हाला छडी बसायची. नियम बदलला का?'

हॉस्पिटलचं आधी मिटवून टाकू, कारण तिथे काही बदललेलंच नाही. रोगी म्हणून भरती झाला तर 'इन हॉस्पिटल' आणि भेटायला गेला तर 'इन द हॉस्पिटल' हा विलायती इंग्रजीचा नियम. अमेरिकेत रोग्यालाही 'द' लागतो. तुरुंगात आणि शाळेत मात्र तेही 'द' न लावताच जातात, त्यामुळे तर्क शोधू नका. नात बरोबर, छडीही बरोबर.

युक्रेनचं तसं नाही. इंग्रजी एरवी देशाच्या नावाला 'द' लावत नाही. अपवाद दोन: नाव अनेकवचनी असलं तर (द नेदरलँड्स), किंवा त्यात किंगडम, रिपब्लिक असं सामान्यनाम असलं तर. यात न बसणारा 'द' बहुतेक वेळा प्रदेशाचा असतो. इंग्रज लिहायचे 'द डेक्कन', 'द कोंकण', 'द सुदान'. म्हणजे नकाशावरचा एक पट्टा, मग त्यावर राज्य कुणाचंही असो. १९९१ साली स्वतंत्र झालेल्या युक्रेनला नेमकं हेच खुपलं, आणि हळूहळू इंग्रजी वर्तमानपत्रांनी 'द' गाळला. गंमत म्हणजे युक्रेनियन आणि रशियन या दोन्ही भाषांत मराठीसारखंच आर्टिकल नाही. तिथे हाच वाद शब्दयोगी अव्ययावर झाला: 'युक्रेनवर' म्हणायचं की 'युक्रेनमध्ये'? 'वर' म्हटलं की प्रांत, 'मध्ये' म्हटलं की देश.

सगळेच 'द' नको म्हणतात असंही नाही. गांबियाने तो मागून घेतला! देश नदीच्या नावाचा, आणि इंग्रजीत नद्यांना 'द' लागतोच. पण १९६४ साली तिथल्या पंतप्रधानांच्या कार्यालयाने 'द' कायम ठेवावा असं कळवलं, त्याचं एक कारण साधं होतं: त्याच वर्षी स्वतंत्र होणाऱ्या झांबियाशी घोटाळा नको.

आता खरा बदल. लिखित इंग्रजीत 'द'चं प्रमाण गेल्या शतकात कमी होत गेलं आहे. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक संदेशांतही ते उतरलेलं दिसतं. माझ्या मते याचं मोठं कारण वाक्याची ठेवण. पूर्वी 'द रूफ ऑफ द हाउस' लिहीत, त्यात दोन 'द'. 'द हाउसेस रूफ' म्हटलं की एकच उरतो. बातम्यांत तर 'द सिंगर अमुक' जाऊन 'सिंगर अमुक' आलं, जणू गायक ही पदवीच आहे. ही लकब अमेरिकी साप्ताहिक 'टाइम'ने रुजवली. जुन्या वळणाचे संपादक अजून तिच्यावर दात खातात. मला स्वतःला ती कानाला खटकते, पण हरलेल्या बाजूला आहोत हे कळतं.

उच्चारातही एक हालचाल आहे. स्वरापुढे 'दि' म्हणायचं, 'दि ॲपल', असं आपण घोकलं. आता लंडनमधली आणि अमेरिकेतली पुष्कळ तरुण मंडळी 'द' म्हणून घशात किंचित अडखळतात आणि मग 'ॲपल' म्हणतात. नातीचं बोलणं कान देऊन ऐका, सापडेल.

मराठीत 'द' नाही म्हणून आपण तिकडे चुकतो, हे खरं. पण 'द'चं काम आपण करतच नाही असं नव्हे. 'मुलगा शोधतोय' म्हटलं की लग्नाचं बघताय, 'मुलाला शोधतोय' म्हटलं की जत्रेत पोर हरवलंय. तो 'ला' निम्मा 'द'च आहे. फक्त तो निर्जीव वस्तूंना सहसा लागत नाही, म्हणून 'पुस्तक दे' म्हणताना कोणतं पुस्तक हे समोरच्याने ओळखायचं, नाहीतर 'ते' जोडायचं.