डिझेल गाडीत पेट्रोल गेलं, आता?

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीत चुकून दहा लिटर पेट्रोल भरलं गेलं. गाडी अजून सुरू केलेली नाही. वरून डिझेलने टाकी फुल्ल केली तर चालेल का?

उत्तर : नाही, कृपा करून तसं करू नका. गाडी सुरू केली नाहीत, हे फार बरं झालं. आता इग्निशनही ऑन करू नका. बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू लागतो. गाडी टो करून गॅरेजला न्या.

जुन्या इंजिनांत थोडं पेट्रोल खपून जायचं, म्हणून अनुभवी माणसंही तुम्हाला ‘काही होत नाही’ म्हणतील. पण आताच्या कॉमन रेल इंजिनात (ज्यात जास्त दाबाचं डिझेल एका सामायिक नळीतून सगळ्या सिलिंडरना मिळतं) हाय प्रेशर पंप हजार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपटीच्या, वर दाब तयार करतो आणि त्याला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोल ते वंगण कमी करतं. मग धातूवर धातू घासतो, त्याचा बारीक कीस इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचतो आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

तुमचं काम त्यामानाने छोटं आहे. टाकी पूर्ण रिकामी करायची आणि ताजं डिझेल भरायचं. डिझेलचा फिल्टर मात्र नवाच बसवून घ्या. पेट्रोलची वाफ चटकन पेटते, तेव्हा नळी लावून घरी टाकी उपसू नका.