नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चा नेला तर खरंच काही होतं का? आणि अधिवेशन संपल्यावर काय करायचं?

विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय की त्यांच्या बचत गटातल्या विधवा आणि परित्यक्ता बाया संजय गांधी निराधार योजनेची 21 हजारांची उत्पन्नाची अट वाढवून मागायला डिसेंबरात नागपूरला जाणार आहेत, आणि घरचे म्हणतात, 'चालून काय मिळणार?' ही शेवटची ओळ नसती तर मी उत्तर लिहिलंच नसतं. अटीबद्दल काय बोलायचं! वर्षाला 21 हजार म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा होत नाहीत. निंदणाला जाणारी कुठलीही बाई त्या हिशोबानं श्रीमंत ठरते. पण 'चालून काय मिळणार' हे वाक्य माझ्या घरात पंधरा वर्षांपासून वापरात आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

मी चिमूर तालुक्यातली. डिसेंबर 2010 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी करा म्हणून चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर बायांची पदयात्रा गेली होती. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी पुढे होत्या आणि मागे आम्ही, गावोगावच्या. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी होती, वर्ध्यात त्याहून जुनी, आणि मधल्या आमच्या जिल्ह्यात दुकानं चालू. आम्ही काही जगावेगळं मागत नव्हतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, ओसरीवर बसून म्हणाले, "सरकारले पाय दिसत नाई, कागद दिसते. कायले चालली हे?" 'हे' म्हणजे मी. भासरे दारूला शिवत नाहीत, हे आधीच सांगून टाकते, नाही तर तुम्ही भलताच अर्थ काढाल. ग्रामपंचायतीचे माजी सदस्य, चार कागद वाचलेला माणूस. त्यांचा विरोध दारूबंदीला नव्हता, चालण्याला होता. आता भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे ते बोलायचे सासूबाईंशी आणि मी उत्तर द्यायचे तेही सासूबाईंनाच. दोघांच्या मधे त्या तांदूळ निवडत बसलेल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, कागद तर तीन वर्षांपासून पाठवून राह्यलो, कोणी वाचला का?" सासूबाईंनी ना होय म्हटलं ना नाही. त्यांची भीती वेगळीच होती. 23 नोव्हेंबर 1994 ला अधिवेशनावर गेलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 जीव गेले, त्यात बाया आणि लेकरंही होती. नागपूर म्हटलं की त्यांना तेच आठवायचं. मला एवढंच म्हणाल्या, "गर्दीत मधात राहू नको, काठानं चाल."

धान कापून झाले होते, पुंजणे म्हणजे धानाचे ढीग शेतात उभे होते आणि चुरणा, म्हणजे मळणी, व्हायचा होता. अशा वेळी घर सोडणं म्हणजे काय, ते शेतीवाल्यांना सांगायला नको. तरी आमच्या गावातून नऊ जणी निघालो. भिसी, मग उमरेड, मग नागपूर, शंभरावर किलोमीटर. एका शाळेत तणस अंथरून झोपलो ते आठवतं. आठवतं ते थंडीमुळे नाही. रात्रभर कोणीतरी तळपायाला हळद-तेल चोळत होतं आणि त्या वासानं मला झोप आली नाही. एकीनं जायचं म्हणून नव्या चपला घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं त्या हातात धरल्या, त्या नागपूरपर्यंत हातातच होत्या.

माझ्याजवळ आमच्या ग्रामसभेचा ठराव होता. मागं एकसष्ट सह्या आणि अंगठे. अंगठे घेताना पॅडची शाई संपली, तेव्हा शेवटचे सात अंगठे तव्याच्या काजळीत गोडंतेल कालवून उठवले होते. तो कागद मी साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून छातीशी धरून नेला. उमरेड येईपर्यंत काजळी पसरून ठरावाच्या दोन ओळी काळ्या झाल्या होत्या, पण सरपंचाचा शिक्का साफ होता.

मोर्चातले सगळे आत जात नाहीत, मोजकी माणसं जातात. बाकीच्यांनी कठड्यापाशी घोषणा द्यायच्या. आमचा ठराव बाकी गावांच्या ठरावांच्या गठ्ठ्यात गेला. 'तिकडे द्या' म्हटलं, दिला. पोच मागायची असते हे मला माहीतच नव्हतं. माझं वय तेव्हा बत्तीस, शिक्षण दहावी. पुढं कितीतरी वर्षांनी माहितीच्या अधिकारात त्या ठरावाचं काय झालं म्हणून विचारलं. एका कार्यालयानं उत्तर पाठवलं : 'अभिलेखात आढळून येत नाही.' काजळीचे सात अंगठे होते त्याच्यावर. त्यातल्या दोघी आज नाहीत.

म्हणून ताई, तुमचा नागपूरला जायचा खर्च, झेंडे, फलक हे सगळं राहू द्या बाजूला. आधी निवेदनाच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. तो क्रमांक नसेल तर तुम्ही नागपूरला गेलाच नव्हता असं समजा. मंत्र्याच्या हातात निवेदन देतानाचा फोटो हा पुरावा नाही. तो फोटो नेत्याच्या कामाचा, तुमच्या नाही.

आता 'काही होतं का?' आमचं झालं ते असं. मोर्च्याच्या दुसऱ्याच वर्षी सरकारनं पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2012 मध्ये तिचा अहवाल गेला. मग तो पडून. मग धरणे, सत्याग्रह, पुन्हा पुढचं अधिवेशन, पुन्हा तेच निवेदन नवी तारीख घालून. जानेवारी 2015 मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात बंदी लागली. म्हणजे पाच-सहा दिवस चाललो आणि त्याच्या मागे चार वर्षं घासत राहिलो. टपालानं पाठवलेल्या कागदावर समिती बसली नसती, हे मी भासऱ्यांना आजही ठासून सांगेन, म्हणजे सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

आणि इथंच आमची चूक झाली. ती कोणी दुसऱ्यानं केली नाही, आम्हीच केली. बंदीच्या आधी आमच्या गावात एक वही होती. कोणाच्या घरी मारहाण झाली, कोणाची मजुरी गुत्त्यावर गेली, कोणाच्या मुलाची शाळा सुटली, सगळं तारखेनिशी. 1 एप्रिलला गुलाल उधळला आणि वही बंद. काम झालं म्हणून तिच्या मागच्या पानांवर बचत गटाचे हप्ते लिहायला लागलो. मीच लिहायची. बंदीनंतर काय फरक पडला, कोणाचं घर सावरलं, याची एक ओळ आम्ही टिपली नाही. 2020 च्या सुरुवातीला सरकारनं बंदीचा आढावा घ्यायला लोकांकडून निवेदनं मागवली, तेव्हा बंदी उठवा म्हणणाऱ्यांनी ढीग लावला. आमच्या गावातून एकही कागद गेला नाही. हरभरा सोंगायचे दिवस होते, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस देत होते. पण 2010 मध्ये पुंजणे सोडून गेलोच होतो ना! मग एक समिती बसली आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत बंदी उठवायचं ठरलं. टाळेबंदीचे दिवस, मोर्चा काढायचा तर बाहेर पडायची सोय नाही. त्या आधीचं आणि त्या वर्षीचं अशी दोन्ही हिवाळी अधिवेशनं नागपूरला झालीच नाहीत, मुंबईत झाली.

त्या रात्री टीव्हीवर बातमी आली. सासूबाई तेव्हा नव्हत्या, त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. भासरे टीव्हीकडे पाहत म्हणाले, "एवढ्या दूर चालल्या, अन् एका बैठकीत उडालं." मी चुलीपाशी. उत्तर द्यायला मधे कोणी नव्हतं.

तर तुमच्या कामाचं. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं ते, अधिवेशन सुरू व्हायच्या कितीतरी आधी द्यावे लागतात, त्यामुळे आमदाराला डिसेंबरात नाही, दिवाळीच्या आधीच गाठा. ते जमलं नाही तर लक्षवेधी सूचना, नाही तर औचित्याचा मुद्दा, हेही आमदारानं सभागृहात विषय काढायचे मार्गच. एकाच आमदारावर विसंबू नका. सत्तेतला एक आणि विरोधातला एक असे दोघं धरा, विधान परिषदेचेही आमदारच असतात. उत्तर आलं की छापील घ्या आणि शब्द बघा. 'निर्णय घेण्यात येईल' असं मंत्री सभागृहात बोलले तर ते आश्वासन झालं, आणि दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या त्यासाठीच आहेत. आमदाराला त्या समितीकडे पत्र द्यायला लावा. अधिवेशन आठ-दहा दिवसांत गुंडाळतं, फायली मुंबईला परत जातात, आणि गावातले लोक समजतात आता पुढच्या वर्षी. तसं नाही. संक्रांत झाली की सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज टाका. 'आमच्या निवेदनाचं काय झालं' असं मोघम विचारू नका. आवक क्रमांक लिहून नस्तीवरच्या, म्हणजे फायलीवरच्या, टिप्पणीची प्रत मागा. टिप्पणीत कोणत्या टेबलावर काय शेरा मारला ते कळतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील करा. पुढचं अर्थसंकल्पी अधिवेशन तोवर येतंच, तेव्हा तोच कागद आमदाराच्या हातात द्यायचा.

आणखी एक. अट वाढवणं हे मुंबईचं काम, पण तुमच्यातल्या किती जणींचे अर्ज तहसीलमध्ये नुसतेच पडून आहेत ते आधी मोजा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतो, मंत्री देत नाही. त्यासाठी नागपूरला जायची गरज नाही, तालुक्याला दोन खेपा पुरतात. नेते लोक हे सांगणार नाहीत, कारण मग मोर्चाला माणसं कमी पडतात.

जिच्या रोजीवर चूल पेटते तिला नेऊ नका. तीन दिवसांची मजुरी बुडवून ती येते, घरी बोलणी खाते आणि पुढच्या वेळी कुठंच येत नाही. आमच्या नऊ जणींतल्या चौघी अशाच गळाल्या.

आता कोणी खाली लिहायच्या आधी मीच लिहिते. बंदीच्या काळात चोरटी दारू आली, महाग आली, बनावटही आली. आमच्या गावातल्या पोरांना पिशव्या पोचवायचे पैसे मिळायला लागले. माझ्या मामेभावाच्या मुलावर त्याच कारणानं केस आहे. बंदी असली की सगळं सुधारतं असं माझं म्हणणं नव्हतं आणि नाही. पण चोरी होते म्हणून बंदी वाईट, हा हिशोब मला पटत नाही. आणि भासरे अगदीच चुकीचे नव्हते. सरकारला कागदच दिसतो. फक्त तो टेबलावर कसा येतो, हे त्यांना चालल्याशिवाय कळणार नव्हतं.

गेल्या वर्षीपासून आम्ही गावाजवळचं दुकान बंद करायच्या मागे आहोत. आडव्या बाटलीचं मतदान, म्हणजे गावातल्या बायांनी मत द्यायचं : आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. अर्जावर गावातल्या पंचवीस टक्के बाया मतदारांच्या सह्या लागतात, ते जमतं. अडचण पुढं आहे. आडव्या बाटलीला एकूण बाया मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात, आलेल्यांच्या नाही. जी बाई मतदानाला आली नाही ती दुकानाच्याच बाजूनं मोजली गेल्यासारखी. आमच्या भागातल्या बाया पोटासाठी तेलंगणात मिरची तोडायला जातात, महिना-दोन महिने गाव अर्धं रिकामं. त्या दिवसांत मतदान लागलं तर आम्ही हरलोच. म्हणून अर्ज कधी द्यायचा याचाच खल चार बैठका चालला.

या वेळी वही नवी घेतली आहे, शंभर पानी, आणि तिच्यात हप्ते लिहायचे नाहीत असं पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. सह्या गोळा करताना जाऊबाईंनी सही केली. अंगठा उठवत होत्या, मीच म्हटलं नाव लिहा, लिहिता येतं तुम्हाला. अर्ज देऊन चंद्रपूरहून परत आले त्या संध्याकाळी भासरे ओसरीवरच होते. जाऊबाईंना म्हणाले, "तिले विचार, पोच घेतली का?"

मी जाऊबाईंना म्हटलं, "सांगा, घेतली. झेरॉक्स पण काढली."