मुद्दाम नाही करत ते

"ताई, आठ महिन्यांपूर्वी अपघातात यांच्या डोक्याला मार लागला. आता चालतात-बोलतात, सीटी स्कॅनही नॉर्मल आहे. पण दिवसभर खुर्चीत बसून असतात. सांगितल्याशिवाय अंघोळ नाही, सांगितलेलं दहा मिनिटांत विसरतात, टोकलं की अंगावर येतात. आल्यागेल्यांसमोर मात्र अगदी ठीक! मुद्दाम करतात का? कधी वाटतं, माझा नवरा त्या अपघातातच गेला. असं वाटणं पाप आहे का?"

पाप-बिप काही नाही. माणूस समोर असताना त्याच्यासाठी रडावं लागतं, आणि या दुःखात सांत्वनाला कुणी येत नाही.

मुद्दाम मात्र ते करत नाहीत. कपाळामागचा मेंदूचा भाग माणसाला कामाला लावतो आणि रागाला आवरही घालतो. त्याला इजा झाली की अंघोळ करायची आहे हे कळतं, पण उठणंच होत नाही. बघणाऱ्याला तो आळस वाटतो. नॉर्मल स्कॅनवर फार विसंबू नका. मेंदूला जोराचा हिसका बसला की आतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात, आणि सीटी स्कॅनमध्ये ते अनेकदा दिसत नाही. पाहुण्यांसमोर ते होती-नव्हती शक्ती लावून बसतात. मग थकतात, आणि राग तुमच्या वाट्याला येतो.

'कितीदा सांगायचं तुम्हाला!' हे आजपासून बंद. आठवण करून देण्याचं काम मोबाइलच्या अलार्मकडे आणि भिंतीवरच्या फळ्याकडे सोपवा. अलार्मशी कुणी भांडत नाही. 'आज काय करणार?' असं विचारू नका, 'आधी अंघोळ की आधी नाश्ता?' असं विचारा. टीव्ही बंद करून, एका वेळी एकच गोष्ट सांगा. डोकं लावायची कामं थकवा चढायच्या आत उरकून घ्या. ते चिडले तर वाद न घालता खोलीबाहेर जा. हात उगारत असतील तर मात्र 'इजेमुळे होतं' म्हणून सोसू नका. आधी स्वतः सुरक्षित व्हा आणि लगेच डॉक्टरांना सांगा.

न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदूच्या इजेचा विचार-वागण्यावर झालेला परिणाम तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून, स्मरणशक्ती, लक्ष, नियोजन यांची तपासणी करून घ्या. नैराश्य आहे का, तेही विचारा. अशा इजेनंतर पहिल्या वर्षात ते बऱ्याच जणांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. झोप आणि हार्मोनही तपासायला सांगा. दारू वर्ज्य, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या, गुंगी किंवा फिट आली, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

पहिले सहा महिने सुधारणा वेगात होते, पुढे ती मंदावते, पण दोन वर्षांनंतरही होत राहू शकते. सगळं पूर्वीसारखं होईल असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही.

आणि 'ठीक तर आहेत की' म्हणणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला येत्या रविवारी दिवसभर त्यांच्यापाशी बसवा. तुम्ही खुशाल बाहेर पडा. संध्याकाळी परत आल्यावर त्या नातेवाइकाला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.