शब्दशंका : पत्रिकेत ‘विषण्ण’ चालेल का?

प्रश्न : आजोबांच्या जुन्या पोस्टकार्डात ‘वार्ता कळून मन विषण्ण झाले’ असं वाक्य सापडलं. शब्द आवडला, म्हणून घरच्या गंधमुक्तीच्या (उत्तरकार्याच्या) पत्रिकेत नावांवर ‘शोकाकुल’ऐवजी तोच घालायला सांगितला. प्रूफ आलं ते ‘विषन्न’. बरोबर काय? आणि तो तिथे शोभतो का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आधी प्रूफ दुरुस्त करा. ‘विषण्ण’मध्ये दोन्ही ण. आपल्याकडे बोलताना पाणी ‘पानी’ आणि कोण ‘कोन’ होतं. त्यात खिन्न, प्रसन्न हे शब्द डोळ्यांत बसलेले, म्हणून टाइप करणाऱ्याचा हात न कडे जातो. जेवणाचं आमंत्रण असलेल्या पत्रिकेत तर ‘विषन्न’ नकोच. घाईत वाचणारा ‘विषान्न’ वाचायचा! (विषाशी या शब्दाचं काही नातं नाही.)

मूळ धातू सद्, म्हणजे बसणं, खचणं. त्याचं रूप ‘सन्न’. आसन्न, अवसन्न, प्रसन्न यांत स च्या आधी अ किंवा आ आहे, म्हणून स तसाच राहतो. वि आणि नि या उपसर्गांतल्या इ मुळे मात्र स चा ष होतो, आणि ष आला की त्याच्या पुढचे न ण होतात : विषण्ण, निषण्ण. एवढं लक्षात ठेवलं की कोश उघडावा लागत नाही. ‘खिन्न’चा धातू खिद्; तिथे ष नाही, म्हणून न च.

अर्थातही ते खचणं आहे. उद्विग्न माणूस येरझारा घालतो, विषण्ण माणूस बसून राहतो. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग, आणि त्याच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतोच. खिन्नता संध्याकाळपर्यंत उतरते. विषण्णतेत आता काही करण्यात अर्थ नाही, असं वाटत असतं.

म्हणून पत्रिकेत ‘शोकाकुल’च ठेवा. तिथे कुटुंबाचा शोक कळवायचा असतो, मनाची अवस्था वर्णन करायची नसते. ‘विषण्ण’ला मन, चेहरा, मुद्रा, फार तर संध्याकाळ लागते. ‘विषण्ण बातमी’ चूक. बातमी विषण्ण करणारी असते. लिंग-वचनाने शब्द बदलत नाही : विषण्ण मुलगा, विषण्ण मुली. क्रियाविशेषण हवं तर ‘विषण्णपणे’. सांत्वनाच्या पत्रात आजोबांचं वाक्य आजही जसंच्या तसं चालेल, पण एकदाच. पुढच्या ओळीत साधं ‘वाईट वाटलं’ लिहा.

‘विषाद’ जरा जपून वापरा. ‘मला त्याचा विषाद नाही’ यात दुःखापेक्षा मनात धरलेली खंत जास्त आहे.

प्रश्न : पोथीत ‘हिंपुटी’ आला. अर्थ?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : खिन्न, कष्टी. बोलण्यातून गेलेला शब्द आहे. आज त्याच्या सर्वांत जवळचा ‘हिरमुसलेला’. ‘हिंपुटी होणे’ असा प्रयोग दिसला तर ‘खट्टू होणे’ घेऊन ओळ लावा, बहुधा लागते.