वाचक विचारतात: इंडक्शन आणलंय, पण दूध रोज उतू जातंय!

प्रश्न: ताई, मुलाने दिवाळीला इंडक्शन घेऊन दिलं. पहिल्याच दिवशी चहाचं ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं तर नुसतं टीं टीं करून बंद. बिघडलं म्हणून दुकानात परत नेलं तर त्याने स्टीलचं भांडं ठेवून लगेच चालू करून दाखवलं, माझी चांगलीच फजिती झाली. मग शेजारणीने सांगितलं खाली लोखंडी तवा ठेवा आणि वर पातेलं, तसं केलं तर चहा झाला पण तवा इतका तापला की काचेवर काळा गोल उमटलाय, आणि मशीन मधेच बंद पडतं. स्टीलच्या पातेल्यात दूध ठेवलं तर ते रोज उतू जातं. गॅसवर इतकी वर्षं काढली, असं कधी झालं नाही.
– एक काकू, बार्शी

उत्तर: काकू, आधी तो तवा बाजूला करा, बाकीचं मग बोलू.

इंडक्शनची काच स्वतः तापत नाही. तिच्याखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातली वीज सेकंदाला वीस-तीस हजार वेळा उलटसुलट फिरते, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडातच करंट फिरून ते बूड तापतं. म्हणजे शेगडी तुमचं भांडंच आहे म्हणा ना! ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांच्यातून वीज फार सहज जाते त्यामुळे ती पुरेशी तापत नाहीत, मशीनला वाटतं वर काही ठेवलेलंच नाही आणि ते टीं टीं करतं. काच आणि मातीची भांडी तर चालतच नाहीत. आणि सगळं स्टीलही चालत नाही बरं का, म्हणून फ्रिजवरचं मॅग्नेट काढा आणि घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून बघा, घट्ट चिकटलं तर ते भांडं इंडक्शनचं, नुसतं लोंबकळत राहिलं किंवा पडलं तर गॅसचं. दुकानात नवीन भांडं घ्यायला जाल तेव्हाही मॅग्नेट पर्समध्ये ठेवा, बूड सपाट आहे का तेही बघा.

तव्याच्या युक्तीत काय होतं, तवा तापतो, पण त्याची उष्णता वर पातेल्यात जाते तेवढीच खाली काचेतही उतरते. काचेखाली तापमान बघणारा सेन्सर असतो, तो घाबरून मशीन बंद करतो, आणि ते बरंच करतो. काळा डाग मशीन पूर्ण गार झाल्यावर खायचा सोडा ओला करून मऊ फडक्याने घासा. तारेची घासणी नको. काम झाल्यावर लगेच प्लग ओढायची सवय असेल तर तीही सोडा, आतला पंखा थांबेपर्यंत थांबायचं.

आता दूध. गॅसची बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने हवेत निघून जाते, इथे ती जवळजवळ सगळी बुडात लागते. १८०० वॉटवर लिटरभर पाणी साडेतीन-चार मिनिटांत उकळतं, दूधही त्याच वेगाने वर येणार, आणि आपण मात्र गॅसच्या हिशोबाने तेवढ्यात केर काढून येऊ म्हणून निघून जातो. १००० च्या आसपास ठेवा आणि तिथेच उभ्या राहा. वर यायला लागलं की बंद करा, भांडं उचलावंसुद्धा लागत नाही, फेस आपोआप खाली बसतो, हा इंडक्शनचा खरा फायदा. ती 'दूध', 'चपाती', 'करी' अशी चित्रांची बटणं असतात ना, माझ्या मते ती सरळ विसरा. त्यांना काय माहीत तुमचं पातेलं केवढं आणि दूध म्हशीचं की गाईचं. वॉटचं बटण शिका, तेवढं पुरतं.

एक मात्र आहे, बऱ्याच स्वस्त मशीनना खरी मंद आच जमत नाही. ३००-४०० वॉट लावलं की ती थोडा वेळ जोरात चालतात, थोडा वेळ बंद, परत जोरात. म्हणून खीर, बासुंदी खाली लागते. त्याला जाड बुडाचं भांडं आणि सतत ढवळणं हाच उपाय, नाहीतर ते पदार्थ गॅसवरच करा.

प्रश्न: रूमवर मॅगी, अंडी करायला इंडक्शन घेतलं. एक्स्टेंशन बोर्डवर लावलं तर प्लग वितळून बोर्डला चिकटला. मशीन फॉल्टी असेल का?
– विद्यार्थी, पुणे

उत्तर: मशीनवर आळ घेऊ नकोस रे. २००० वॉट म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर, आणि तुझा बोर्ड बहुतेक ६ अँपिअरचा, त्यात मोबाईल-लॅपटॉपही लावलेले असणार. गीझरला असतो तसा मोठा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, आणि सरळ भिंतीतला. तो बोर्ड टाकून दे, चिकटपट्टी लावून परत वापरू नकोस. प्लगची पिनही काळी पडली असेल तर वायरमनकडून बदलून घे. रूममध्ये मोठा पॉइंट नसेल तर घरमालकाला विचार, नाही म्हणाले तर मेसचा डबा चालू ठेव.

प्रश्न: इंडक्शनवर कुकरच्या शिट्ट्या पटापट होतात पण डाळ टचटचीत राहते, असं का? आणि भाकरी कशी भाजायची?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: शिट्ट्या मोजणं बंद करा, मिनिटं मोजा. फुल पॉवरवर वाफ भराभर तयार होते म्हणून शिट्टीही भराभर, पण डाळ शिजते ती आतल्या १२० अंशांच्या आसपासच्या वाफेत जितका वेळ राहील त्यावर. पहिली शिट्टी झाली की पॉवर ५०० वॉटच्या आसपास आणा, भिजवलेल्या तुरीला दहाएक मिनिटं द्या आणि वाफ आपोआप जिरू द्या. कुकर अर्थातच इंडक्शन बेसचा हवा.

भाकरी सपाट लोखंडी तव्यावर होते, दुसरी बाजू फडक्याने दाबत फिरवली तर फुगतेही. तवा मात्र हळूहळू तापवा, एकदम फुलवर टाकला तर पातळ तवा वाकतो आणि मग काचेवर गरागरा फिरत बसतो. पण विस्तवावरची चव, भरताचं वांगं, भाजलेला पापड यातलं काही इंडक्शनवर होणार नाही, त्यासाठी सिलिंडर ठेवाच.